झाडावर किडा दिसत नाही, मग रोग आला कुठून?

परसबाग ते शेत : वाचकांचे प्रश्न

‘विषाणू लागलेल्या झाडाला औषध नसतं, ते उपटून टाका,’ असं मागच्या अंकात मी दोन ओळींत लिहून मोकळी झाले. त्यावर आलेल्या पत्रांत निम्मी रागाची आहेत आणि उरलेल्यांत पपईच पपई. राग शेवटी घेते, आधी पपई.

प्रश्न : घोडबंदर रोडला कासारवडवलीत आमची सोसायटी आहे. मागच्या मोकळ्या पट्ट्यात पपईची पाच-सहा झाडं लावली. पहिली फळं उत्तम आली. आता शेंड्याची पानं बारीक, दोरे लोंबावेत तशी झाली आहेत आणि फळांवर गोल वळी उमटली आहेत. रोपवाटिकेवाल्याने माव्याचं (रस शोषणाऱ्या बारीक किड्याचं) औषध दिलं, ते दर आठवड्याला फवारतो. पण मला एकाही झाडावर मावा कधी दिसलेला नाही. किडाच नाही, तर तो रोग पसरवतो कसा?

तुमचे डोळे चांगले आहेत. पपईवर मावा दिसत नाही, कारण तो पपईवर संसार थाटतच नाही. हा रोग पसरवतात ते वाटसरू.

मावा एखाद्या चवळीच्या वेलावर किंवा गवतावर दाटीवाटीने वाढतो. माद्या नराशिवायच पिल्लं घालत सुटतात, गर्दी झाली की पुढच्या पिढीला पंख फुटतात आणि ती वाऱ्यावर स्वार होते. हा पंखवाला मावा कुठल्याही हिरव्या पानावर उतरतो. हे पान आपल्या कामाचं की नाही, हे कळायला त्याच्याकडे एकच उपाय असतो, सोंड टोचून चव घेणं. जांभळी नाक्याला द्राक्षाच्या गाडीवरचा एक मणी तोंडात टाकून, तोंड वाकडं करून पुढच्या गाडीकडे जाणारं गिऱ्हाईक तुम्ही पाहिलं असेल. मावा पपईवर तेच करतो. पानाच्या वरच्या पेशीत सोंड जेमतेम टोचतो, पपई त्याला आवडत नाही, तो उडतो. पुढचं झाडही बहुधा पपईचंच. तिथेही टोचतो.

या सगळ्याला मिनिटही लागत नाही, आणि तेवढ्यात काम झालेलं असतं. पपईच्या ‘रिंग स्पॉट’चा, म्हणजे तुमच्या या वळ्यांच्या रोगाचा, विषाणू माव्याच्या पोटात जात नाही. तो सोंडेच्या टोकाशी चिकटतो, आणि चिकटायला लागणारं एक प्रथिन स्वतःच रोगी झाडाकडून तयार करून घेतो. पुढच्या टोचणीला थुंकीबरोबर तो नव्या झाडात उतरतो. चार-दोन ठिकाणी तोंड मारलं की सोंड पुन्हा स्वच्छ. म्हणून हा मावा रोग फार लांब नेऊ शकत नाही, त्याला रोगी झाड जवळपासच लागतं. हे लक्षात ठेवा, खाली उपयोगी पडेल.

आता तुमच्या फवारणीचं. कुठल्याही कीटकनाशकाला मावा मारायला काही वेळ लागतो, आणि त्याचं काम काही सेकंदांत उरकतं. मरणार तो टोचून झाल्यावर. शिवाय काही औषधांच्या माऱ्याने मावा बिथरतो आणि एका जागी थांबण्याऐवजी चार झाडांवर तोंड घालतो. म्हणजे दर आठवड्याला जे चाललं आहे त्यात फायदा एकट्या रोपवाटिकेवाल्याचा. त्या पट्ट्यात मुलं खेळत असतील तर ते आजच बंद करा.

रोग तोच आहे ना, याची खात्री करून घ्या. शेंड्याजवळचं कोवळं हिरवं खोड आणि पानांचे देठ निरखून पाहा. त्यांवर तेलकट, गडद हिरवे लांबट ओरखडे असतील आणि फळावर वळी असतील, तर शंका उरत नाही. लक्षणं दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. आज एकाच झाडावर दिसत असलं, तरी शेजारच्या झाडात तो उतरलेला असू शकतो.

लक्षणं असलेली सगळी झाडं काढा. बुंधा ठेवून नुसता शेंडा छाटू नका, नवी फूटही रोगीच येणार. मातीतून किंवा बियांतून हा रोग येत नाही, तेव्हा त्याच जागी पुन्हा पपई लावायला हरकत नाही. पण त्याआधी कुंपणापलीकडे डोकावून या. या भागातल्या सोसायट्यांत कचऱ्याच्या कोपऱ्यात, गटाराच्या कडेला, टाकलेल्या बियांतून आपोआप उगवलेल्या पपया असतात. कोणाच्याच मालकीच्या नाहीत म्हणून कोणी पाहत नाही. ‘जवळपासचं रोगी झाड’ बहुतेक वेळा तेच निघतं. काकडी-भोपळ्याच्या वेलांतही हा विषाणू राहू शकतो, म्हणून वेल आणि पपई शेजारी नकोत. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी मिळून एकाच आठवड्यात रोगी पपया काढल्या तर पुढची लागवड टिकेल. मिटिंगमध्ये विषय मांडून बघा. पार्किंगपेक्षा लवकर मिटेल, असा शब्द मी देत नाही.

रोपं मच्छरदाणीच्या जाळीत वाढवा. जागा असेल तर पपई लावायच्या महिनाभर आधी भोवती मक्याच्या दोन-तीन ओळी पेरा. बाहेरून येणारा मावा आधी उंच मक्यावर उतरतो, तिथे सोंड टोचतो आणि विषाणू मक्यात सांडून मोकळा होतो. मक्यात तो जगत नाही. जळगाव-धुळ्याकडचे पपईवाले शेतकरीही हा उपाय जाणतात. मका खायला मिळतो तो वेगळाच.

याच रोगाने हवाई बेटांवरची पपई दोनदा उठवली. आधी ओआहू बेटावरून १९५० च्या दशकात धंदा तिथल्याच मोठ्या बेटावरच्या पुना या भागात हलवावा लागला, आणि १९९२ मध्ये रोग तिथेही पोहोचला. वनस्पतिरोगतज्ज्ञ डेनिस गोन्साल्व्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूचाच एक जनुक पपईत घालून तिला प्रतिकारक केलं. १९९८ पासून ते बियाणं तिथल्या शेतकऱ्यांना मिळतं आहे. आपल्याकडे अशा पपईच्या लागवडीला परवानगी नाही, तेव्हा आपल्या हातात मका, जाळी आणि कुदळ.

प्रश्न : वळी असलेली पपई किंवा पिवळी पडलेली भेंडी खाल्ली तर आपल्याला व्हायरस होतो का? बाजारात दोन्ही स्वस्त मिळतात. (कोपरखैरणे)

होत नाही. वनस्पतींचे विषाणू माणसाच्या पेशीत शिरून वाढत नाहीत. वळीवाली पपई गोडीला कमी असते आणि पिवळी भेंडी लवकर निबर होते, एवढाच तोटा. भाव पाडून घ्या आणि आणा. किळस येणाऱ्यांनी पुढचं वाक्य गाळावं : ढोबळ्या मिरचीवर पडणारा एक विषाणू आपण मिरची, सॉस, मसाल्यांतून इतका खातो आणि तो पचनातून इतका धडधाकट बाहेर पडतो, की पाण्यात मैलापाणी मिसळलं आहे का हे ओळखायला शास्त्रज्ञ त्याचाच माग काढतात.

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो. शहापूरला चुलत भाऊ भेंडी करतो, व्यापारी ती परदेशी पाठवतो. हळद्या (पानं पिवळी पडण्याचा रोग) येतो म्हणून तो दर आठ दिवसांनी पांढऱ्या माशीची फवारणी करतो. माशी जवळजवळ दिसेनाशी झाली, तरी अर्धा प्लॉट पिवळा. वर आपण पपईवाल्यांना फवारणी निरुपयोगी म्हणता. मग भेंडीलाही तेच का?

भेंडीचं गणित पपईहून निराळं आहे, आणि दोन्हींत घोटाळा केल्यानेच शेतकऱ्याचे पैसे जातात. मला कोणी रोगी पीक दाखवलं की मी आधी विचारते, विषाणू घ्यायला किड्याला किती वेळ बसावं लागतं? पुढचं सगळं त्यावर ठरतं.

पपईचा मावा सेकंदांत विषाणू उचलतो. पांढऱ्या माशीला ते जमत नाही. भेंडीच्या हळद्याचा विषाणू पानाच्या वरवरच्या पेशींत फारसा नसतो, तो आत खोलवर, अन्नरस वाहणाऱ्या नलिकांत असतो. माशीला तिथपर्यंत सोंड न्यायला आणि रस ओढायला दहा-पंधरा मिनिटं तरी हवीत. भरपूर विषाणू घ्यायचा तर काही तास. तो रस पोटात जातो, आतड्याची भिंत ओलांडून तिच्या रक्तात उतरतो आणि तिथून लाळेच्या ग्रंथींत पोहोचतो. त्यालाही काही तास जातात. तोवर माशी निरुपद्रवी असते. पण एकदा का विषाणू लाळेत उतरला, की ती पुढे आठवडेच्या आठवडे, बहुधा मरेपर्यंत, जिथे बसेल तिथे रोग देते. तिच्या अंगात राहणारे जिवाणू एक प्रथिन तयार करतात, आणि माशीच्या रक्तात विषाणूचा निभाव लागतो तो त्याच्या आधाराने. माशीला स्वतःला याचा पत्ताही नसतो.

म्हणजे इथे माशी मारण्याला अर्थ आहे. मग भावाचा प्लॉट पिवळा का? त्याच्या शेतातली माशी मेली, पण बाहेरून येणारी आधीच विषाणू घेऊन येते. तिला पाच-दहा मिनिटं बसायला मिळालं तरी झाड गेलं. आणि वर्षानुवर्षं त्याच त्या औषधांनी तिला सवय झाली आहे, हे वेगळं सांगायला नको.

भावाला विचारा, तोडणी संपलेला जुना प्लॉट शेजारी उभा आहे का? माझा अंदाज, आहे. शहापूर-मुरबाडकडे भात निघाल्यावर भेंडी लागते आणि एकेका गावात ती मागेपुढे पेरली जाते. जुन्या प्लॉटला भाव मिळेनासा झाला की माणूस तिकडे फिरकत नाही. ना पाणी, ना फवारणी, ना उपटणं. ती पिवळीधम्मक झाडं महिनाभर तशीच उभी असतात आणि त्यांच्या पानांखाली माशीची पिढी तयार होत असते. शेजारी नवी कोवळी भेंडी दोन पानांवर आली की सगळी जत्रा तिकडे. तुम्ही स्वतः जा, जुन्या प्लॉटमधलं एक पान हळूच उलटा करून पाहा. खाली न हलणारे, चपटे, पिवळसर खवले दिसतील, ती तिची पिल्लं. फांदी हलवली की पिठासारखं काही उडतं आणि क्षणात परत बसतं, ती मोठी माशी. एवढी मोठी म्हणजे एक मिलिमीटर.

जुना प्लॉट शेवटच्या तोडणीच्या आठवड्यातच उपटायचा. नव्या प्लॉटचा पहिला महिना जिवापाड जपायचा, कारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रोग लागलेलं झाड जवळजवळ काही देत नाही, आणि दीड-दोन महिन्यांच्या झाडाला लागला तरी निम्मी-अधिक भेंडी हाती लागते. फवारणीचे पैसे त्या पहिल्या महिन्यात घाला, तेही बीजप्रक्रिया करून, म्हणजे पेरण्याआधी बियाण्याला औषध चोळून. नंतर पंप टांगून ठेवला तरी चालेल. परदेशी जाणाऱ्या मालात औषधाचा अंश सापडला तर काय होतं, ते त्या व्यापाऱ्यालाच विचारा. बांधावरची रानभेंडी काढा. ओसाडीचं तण पाहिलंत का कधी, येऊरच्या रस्त्याला वगैरे? त्याच्या पानांवर पिवळ्या शिरांची सुंदर जाळी असते. शहरातली माणसं शोभेचं रोप म्हणून फोटो काढतात. तोही पांढऱ्या माशीने दिलेला विषाणूच, भेंडीच्या विषाणूचा भाऊबंद. ती जाळी दिसली की आसपास माशी आहे हे समजायचं.

आणि वाण. हा रोग आपल्या घरचाच, १९२४ साली मुंबई इलाख्यातूनच त्याची पहिली नोंद झाली. १९४० मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर या तिघांनी तो विषाणूचा आहे हे दाखवून त्याला नाव दिलं. पुढे पांढरी माशीही सापडली. मग ‘पुसा सावनी’ ही भेंडीची जात आली, काही वर्षं तिने झकास निभावलं आणि हळूहळू तीही पिवळी पडू लागली. १९८० च्या दशकात परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानटी भेंडीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ काढली. माझ्या विद्यार्थिदशेत आणि नोकरीच्या सुरुवातीला तिचं केवढं कौतुक होतं! तिलाही आता सगळीकडे पूर्वीसारखं टिकता येत नाही. विषाणू बदलत राहतो, दुसऱ्या विषाणूंशी जनुकांच्या तुकड्यांची देवाणघेवाण करतो. तेव्हा ‘हळद्यामुक्त’ असं पाकिटावर छापलेलं असलं, तरी पाकिटाच्या भरवशावर जुना प्लॉट उभा ठेवू नका.

प्रश्न : मी आठवीत आहे, नेरूळला राहते. डास चावला की आपल्याला डेंग्यू होतो, पण डासाला होत नाही असं बाई म्हणाल्या. मग झाडांचा रोग पसरवणाऱ्या किड्यांना तो रोग होतो का?

तुझा प्रश्न या महिन्यातला सगळ्यात चांगला. उत्तर, कोणाला होतो, कोणाला नाही.

माव्याची सोंड वर सांगितली, तिथे विषाणू नुसता चिकटून जातो. पांढऱ्या माशीच्या अंगातून तो फिरतो, पण भेंडीचा विषाणू तिच्या अंगात वाढतो असं म्हणता येत नाही. तिसरा प्रकार तुझ्या डासासारखा. विषाणू किड्याच्या पेशींत शिरतो, तिथे एकाचे हजार होतो आणि मग लाळेत येतो. डेंग्यूच्या डासाला रोग देण्याजोगं व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो तो त्यामुळेच. भुईमूग आणि टोमॅटोचे शेंडे जाळणारा एक विषाणू फुलकिड्यांमध्ये असाच वाढतो. त्यात एक गंमत आहे. फुलकिड्याने तो बाळपणी, पिल्लू असताना खाल्ला तरच मोठेपणी तो रोग पसरवू शकतो. मोठ्या झालेल्या फुलकिड्याने रोगी पान कितीही खरवडलं तरी त्याच्या लाळेत विषाणू पोहोचत नाही. म्हणजे रोग उचलतं पिल्लू, ज्याला पंख नाहीत, आणि वाटतो मोठा, ज्याला पंख आहेत.

जपानमध्ये भाताचा एक खुजेपणाचा रोग आहे. तेईकिची फुकुशी या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये दाखवलं, की तो पसरवणाऱ्या तुडतुड्याच्या मादीच्या अंड्यांतूनच विषाणू पिल्लांत उतरतो. त्या पिल्लांनी जन्मात रोगी भात पाहिलेला नसतो, तरी ती रोग देतात, आणि त्यांची पिल्लंही देतात. तेव्हा पुष्कळ लोकांना हे पटेना. अशा किड्यांना विषाणूचा थोडाफार त्रासही होतो, काहींचं आयुष्य कमी होतं, काही अंडी कमी घालतात. झाडाइतके मात्र ते आजारी पडत नाहीत. सगळे किडे मेले तर विषाणूला वाहन कोण देणार?

आपल्याकडच्या भाताचा तुंग्रो रोग तर दोन विषाणूंचा मिळून. एक झाडाला पिवळं आणि खुजं करतो, पण त्याला एकट्याला तुडतुड्यावर चढता येत नाही. दुसरा स्वतः फारसं काही बिघडवत नाही, पण त्याला चढता येतं आणि तो पहिल्यालाही सोबत नेतो. हिरवा तुडतुडा दोघांनाही घेऊन पुढच्या खाचरात.

अजून एक सांगते, बाईंनाही सांग. काकडीवर्गीय वेलांवर पडणारा एक मोझॅक विषाणू आहे. हजाराहून जास्त जातींच्या झाडांवर तो राहतो. त्याने आजारी पडलेला वेल जास्त वास सोडतो. त्या वासाने मावा धावत येतो, चव घेतो, आणि चव वाईट लागते म्हणून लगेच उडून जातो. बोलावून घेतो आणि हाकलतो! माव्याच्या सोंडेला चिकटून जाणाऱ्या विषाणूला नेमकं हेच हवं असतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी भोपळ्याच्या वेलांवर हे २०१० मध्ये दाखवलं. विषाणूला डोकं नसतं, तरी हे घडतं. कसं, यावर तू मोठी झाल्यावर काम कर.

प्रश्न : पाचपाखाडीत गच्चीवर कुंड्यांत मिरची आहे. बोकड्या आला. उपटू का?

थांबा. मिरचीचं पान वाकडं झालं की सगळे ‘व्हायरस’ म्हणतात, आणि गच्चीवर तरी तो बऱ्याचदा नसतो. एक पांढरा कागद घ्या, त्यावर मिरचीची फुलं आणि शेंडा बोटाने टिचकी मारून झटका. बारीक, लांबुळके, सरपटणारे पिवळसर-तपकिरी कण पडले तर ते फुलकिडे. त्यांच्या खरवडण्याने पानाच्या कडा वर वळतात. कडा खाली वळल्या असतील, देठ लांबले असतील आणि पान जाड, ठिसूळ वाटत असेल, तर कोळी, जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा सूक्ष्म जीव. तो नुसत्या डोळ्याला दिसत नाही, दहापट भिंग लागतं. माझ्या पर्समध्ये ते असतंच, भाजीवाल्यांना आता सवय झाली आहे. पान लहान, वर मुडपलेलं, शिरा जाड, पेरी आखूड होऊन शेंड्याला झुपका झालेला आणि फूलच धरत नाही, असं असेल तर तो पांढऱ्या माशीने दिलेला विषाणू.

फुलकिड्यांना निंबोळी अर्क आणि निळी चिकट कार्डं, कोळ्याला पाण्यात मिसळणारं गंधक. गंधक संध्याकाळी मारा, भर उन्हात पानं करपतील. दोन-तीन आठवडे वाट पाहा. नवी फूट सरळ, निरोगी आली तर विषाणू नव्हता. तशीच वाकडी आली तर कुंडी रिकामी करा.

जास्वंदीचा शेंडा गोळा झाला म्हणून दोघींनी विचारलं आहे. तो बहुतेक पिठ्या ढेकूण आहे. पांढरा कापूस दिसेल. रोगी शेंडा छाटा, साबणाचं पाणी मारा. वांग्याला बारीक पानांचा गुच्छ आला असेल तर तो तुडतुड्याने आणलेला आहे, विषाणू मात्र नाही, जिवाणूंच्या जातीतला एक सूक्ष्मजीव आहे. उपाय तोच, उपटणं.

प्रश्न : वसईहून नातेवाइकांनी केळीचे मुनवे (बुंध्याशी फुटणारी पिल्लं) दिले, घणसोलीत घराच्या मागे लावले. दोन झाडांची पानं अरुंद, ताठ, शेंड्याशी एकावर एक रचल्यासारखी येतात. केळफूल येत नाही. खत कमी पडतंय का?

खत टाकू नका. एक पान तोडून उजेडाकडे धरा आणि देठावर, मधल्या शिरेजवळ बघा. गडद हिरव्या रंगाचे ठिपके आणि तुटक रेघा दिसल्या तर ‘बंची टॉप’ हा विषाणूचा रोग. आता बुंध्याशी, सर्वांत बाहेरचं सुकं सोपट हळूच सोलून बघा. आत तपकिरी-काळसर मावा दाटीने बसलेला असेल आणि खोडावर मुंग्यांची रांग असेल. मुंग्या त्याने टाकलेला गोड चिकटा खातात आणि त्याची राखण करतात. मुंग्या दिसल्या की सोपट सोला, ही माझी सवय आहे.

पपईच्या उलट हा मावा केळीवरच राहणारा आहे, तासन्‌तास रस ओढतो आणि विषाणू अंगात घेऊन दिवसच्या दिवस फिरतो. पण त्याची झेप थोडी. लांबचा प्रवास हा रोग माणसाच्या पिशवीतून करतो, मुनव्यातून. १९४० च्या सुमारास तो श्रीलंकेतून केरळात आला. नातेवाइकांना दोष देऊ नका, वरून निरोगी दिसणाऱ्या मुनव्यातही तो असतो. त्यांना कळवा मात्र, त्यांच्या वाडीत शोधायला हवा. तुम्ही आधी बुंध्यावर साबणाचं पाणी भरपूर मारून मावा मारा, मग गड्ड्यासकट खणून काढा. गड्डा राहिला तर नवा मुनवा रोग घेऊनच वर येतो. पुढच्या वेळी ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत सूक्ष्म तुकड्यापासून वाढवलेली रोपं आणा.

आता राग. ‘झाडालाही जीव असतो, उपटा काय म्हणता?’ असं तिघांनी, आणि ‘ताक, हळद, गोमूत्र, कडुनिंब यांनी आमचा व्हायरस बरा झाला’ असं बऱ्याच जणांनी लिहिलं आहे.

बरा झाला तो बहुधा फुलकिड्यांचा किंवा कोळ्याचा उपद्रव असणार. कडुनिंबाने ते आटोक्यात येतात, त्याबद्दल वाद नाही. विषाणू झाडाच्या पेशींच्या आत असतो आणि झाडाच्याच यंत्रणेवर वाढतो. पानावर मारलेलं काहीही तिथे पोहोचून त्याला वेचून मारत नाही. प्रयोगशाळेत रोपाला उष्णता देऊन, शेंड्याचा अगदी सूक्ष्म तुकडा कापून त्यापासून विषाणूमुक्त रोप करता येतं. केळी-बटाट्यात ते रोज चालतं. पण ते नवं रोप असतं, तुमचं कुंडीतलं झाड नव्हे.

ताकाच्या बाजूने एक बोलते. तंबाखू आणि टोमॅटोवर पडणारा एक विषाणू किड्यांवाचून, नुसत्या हाताच्या स्पर्शाने पसरतो. तिथे रोपं हाताळण्याआधी दुधात हात बुडवल्याने लागण कमी होते, हे सिद्ध झालेलं आहे. तेव्हा विडी ओढणाऱ्या किंवा तंबाखू मळणाऱ्या माळ्याने टोमॅटोला हात लावायच्या आधी दुधात हात बुडवावेत. हळद्यावर मात्र ते दूध चहाला वापरा.

बाल्कनीत एकटंच झाड असेल, शेजारीपाजारी त्याच्या जातीचं काही नसेल आणि तुमचा जीव गुंतला असेल, तर ठेवा. मी पोलीस पाठवणार नाही. पण वर गच्चीवर कोणी भेंडी-टोमॅटो लावले असतील तर तुमची माया त्यांना महागात पडते.

उपटायचं ठरलंच तर पद्धत बघा, ती कोणी सांगत नाही. दुपारी उन्हात झाड हलवून उपटलं की पानांखालची पांढरी माशी भुर्रकन उठून शेजारच्या कुंडीवर जाते, म्हणजे रोग काढता काढता पेरून झाला. भल्या सकाळी, माशी गारठलेली असताना जा. मोठी प्लॅस्टिकची पिशवी झाडावरून हळूच खाली ओढा, बुंध्याशी आवळा, आणि मग मुळासकट उपटा. पिशवीचं तोंड बांधून दोन दिवस कडक उन्हात ठेवा. आतलं सगळं मेलं की झाड ओल्या कचऱ्यात जाईल. पिशवी धुऊन पुढच्या झाडाला वापरता येते.